गुरुवारी मरणाऱ्या मोटारीची बखर

श्री घृष्णेश्वर प्रसन्न.

सौभाग्यादि अलंकारमंडित, लाटणे-पोळपाट-सोऱ्या-धारिणी, गल्ली नंबर चार येथील समस्त वाळवणकरी बायांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, आपण हातचे काम खाली ठेवून आज्ञा केली की, द्वारकाबाईंची पांढरी मोटार दर गुरुवारी का मरत होती, तिला कोणी मारिले, आणि ती पुन्हा उठली कैसी, याविषयी गल्लीत सात जणी सात तऱ्हेने सांगतात, तरी खरा मजकूर आदिपासून अंतापर्यंत लिहून द्यावा. आज्ञा शिरसावंद्य मानून जे घडले ते लिहिले असे. यात पदरचे मीठ फार नाही, चवीपुरते आहे. कोणाची फजिती झाकिली नाही, कारण सर्वांत थोर फजिती ज्यांची जाहली त्या द्वारकाबाईंनीच, झाकू नये, म्हणोन परवानगी दिली.

शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचा अंमल उठला त्यास पाऊणशे वर्षे लोटली, परंतु चैत्र-वैशाखात या मुलखावर उन्हाचा जो अंमल बसतो तो उठवील ऐसी फौज अद्याप निपजली नाही. ऐशा समयी छत्रपती संभाजीनगर शहरी, सिडको प्रांती, द्वारकाबाई नामे बाई, वय वर्षे बावन्न, शाळा सातवीपर्यंत आणि पुढील सर्व इल्म पाहून-पाहून कमावलेला, आपले यजमान काकासाहेब यांसह राज्य करीत होत्या. काकासाहेब कालव्याच्या खात्यात पाणी मोजता मोजता निवृत्त जाहले आणि त्या सवयीने घरात शब्दही मोजूनच सोडीत. राज्याचा विस्तार म्हणाल तर तळमजल्यावर तीन खोल्या, एक कूलर, आणि दाराशी उभी पांढरी मोटार. गच्ची होती, परंतु ती पारव्यांनी काबीज केली होती, आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटावर इमारत उठत होती तिच्या सिमेंटाची धूळ अष्टौप्रहर उडत असे, म्हणोन गच्चीवरील हक्क बाईंनी मनातल्या मनात सोडून दिला होता.

आता मोटारीचा इतिहास. मोटार घेतली काकासाहेबांनी, कागद काकासाहेबांच्या नावचे, परंतु त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन होऊन डॉक्टरांनी गाडी चालवू नये असे फर्मान काढिले, आणि मोटार चार महिने दाराशी धूळ खात उभी राहिली. मग द्वारकाबाईंनी एक्कावन्नाव्या वर्षी, कोणास न पुसता, गाडी शिकविणाऱ्या वर्गात नाव घातले, आणि एकवीस दिवसांत दोन कुंड्या, एक फाटक व एक सायकल जमीनदोस्त करून परवाना मिळविला. त्या दिवसापासून मोटारीस 'चांदणी' म्हणू लागल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरविल्याशिवाय आत बसेनाशा झाल्या.

आणि हे सर्व कशासाठी, तर वेरूळ गावी त्यांची थोरली बहीण आवडाबाई होती. आई गेली तेव्हा द्वारकाबाई पाच वर्षांच्या होत्या, आणि तेव्हापासून सासरी जाईतो त्यांचे डोके धुणे, उवा काढणे, वेणी घालणे हे सर्व आवडाबाईंनी केले. त्याच आवडाबाईंच्या उजव्या अंगावरून दोन वर्षांमागे वारे गेले. बोलणे शाबूत राहिले, हात गेला. सून भली होती, पण आवडाबाई हट्टाने तिला केसांस हात लावू देत नसत. म्हणोन दर गुरुवारी, काकासाहेबांचा उपास असे आणि चुलीस रजा असे तो दिवस साधून, द्वारकाबाई मोटारीत शिकेकाईचे भांडे, तेलाची बाटली आणि लाकडी पाट घालून कूच करीत, दौलताबादची अरुंद वेस पहिल्या गिअरात सर करीत, खुलताबादचा घाट उतरून वेरुळास दाखल होत, आणि बहिणीचे केस धुऊन, विंचरून, दिवस मावळायच्या आत परत येत. काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांतून चौदा माणसांत पंधरावे होऊन त्यांनी हे पूर्वी एक वर्ष केले होते आणि गुडघ्यांनी तेव्हाच राजीनामा दिला होता. सारांश, मोटार होती तर गुरुवार होता.

ऐसे सर्व सुरळीत चालले असता रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी आठ वाजता बाईंनी चावी फिरविली, आणि चांदणीने एक बारीक 'टक्' केले आणि देह ठेविला.

गल्लीत हाकाटी झाली. समोरच्या घरचे बन्सीभाऊ, पूर्वी ट्रकवर क्लीनर होते आणि तेवढ्यावर आजतागायत सर्व वाहनांचे मुख्य सल्लागार म्हणवीत, ते दात घासता घासता धावत आले आणि बॅटरी उतरल्याचा निवाडा दिला. चौघांनी धक्का मारिला, मोटार खोकली, दचकली आणि चालू झाली, पण तोवर ऊन माथ्यावर आले आणि काकासाहेबांनी हुकूम केला की, आज घाटात जाऊ नये. बाईंनी वेरुळास फोन करून, पुढल्या गुरुवारी नक्की येते, म्हणोन कळविले आणि मोटार गल्लीतल्या गल्लीत अर्धा तास फिरवून बॅटरीचे पोट भरले.

पुढला गुरुवार आला. चावी फिरविली. 'टक्'.

तेव्हा मात्र शहागंजातील लतीफ उस्ताद यांस पाचारण केले. हे मोटारींच्या विजेच्या कामात तीस वर्षे घालविलेले, पांढरी दाढी, बोटे काळी आणि जबान गोड. त्यांनी बॅटरी पाहून सांगितले की, ही बुजुर्ग झाली, हिला आता आराम द्यावा. सायंकाळी नवी बॅटरी आणून बसविली, तिला कुंकू लाविले, नारळ फोडिला, आणि द्वारकाबाईंनी मनात म्हटले की, आता पुढल्या गुरुवारी दौलताबादची वेस आपली. परंतु दुसरा गुरुवार तर गेलाच.

येथे एक गुप्त मजकूर सांगणे प्राप्त आहे, कारण तो सांगितल्यावाचून पुढील रण समजणार नाही.

गच्ची पारव्यांनी घेतली हे वर लिहिलेच आहे. मग वाळवण कोठे घालावे? ज्या बाईने गव्हाचा चीक तीन दिवस आंबविला, घोटून शिजविला, आणि सोऱ्यातून कुरडई पाडिली, तिला हा प्रश्न राज्याच्या सीमेइतकाच जड असतो. द्वारकाबाईंनी मागील साली एके दुपारी मोटारीचे दार उघडिले, तो आतून भट्टीसारखी झळ आली, आणि त्यांच्या ध्यानी आले की, ही तर काचेची कोठी आहे, धूळ नाही, पारवा नाही, मांजर नाही, आणि ऊन चोहीकडून. त्यांनी प्रथम लाल मिरच्या वाळविल्या. त्या मोटारीत काकासाहेब दुसऱ्या दिवशी बसले आणि टीव्ही सेंटरापासून क्रांती चौकापर्यंत एकवीस शिंका देते झाले, आणि घरी येऊन फर्मान सोडिले की, मोटार ही माणसांसाठी आहे, तिच्यात खाण्यापिण्याचा जिन्नस वाळवू नये. बाईंनी फर्मान डोक्यास लाविले, आणि यंदा मिरच्या सोडून बाकी सर्व वाळविले.

यंदा पाडव्यापासून ही मोहीम ऐशी चाले की, सकाळी दहास काकासाहेब वाचनालयास निघाले की बाई धुतलेली जुनी धोतरे मागल्या बाकावर आणि डॅशबोर्डावर अंथरीत, वर कुरडया, बाजरीच्या खारोड्या, मुगाचे सांडगे मांडीत. काकासाहेब एकास येऊन जेवून कूलरपुढे निजत ते चारास उठत, उठून चहा पीत, आणि सहाच्या आधी उन्हात पाऊल टाकीत नसत, म्हणोन बाई सहाच्या सुमारास सर्व सरंजाम उचलून, बाक फडक्याने पुसून, दारे धाडधाड लावून, हात धुऊन, देवापुढे उदबत्ती लावीत. गुरुवारी मोटार कामास लागे म्हणोन शुक्रवार ते बुधवार हा शिरस्ता. आणि बंद काचेत कुरडईस घाम फुटतो, घाम फुटला की आंबूस वास धरते, म्हणोन वाफ निघून जावी यासाठी त्या मागले डावे दार पुरते न लाविता पहिल्या खटक्यावर टेकवून ठेवीत. बाहेरून पाहणाऱ्यास दार लागलेलेच दिसे. ही युक्ती त्यांची त्यांनीच काढिली होती आणि तिचा त्यांस अभिमान होता. तिचा आणि बॅटरीचा काही संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नीही आले नाही, आणि आले असते तरी फर्मान मोडल्याची गोष्ट तोंडातून निघती ना.

आता रणाकडे वळू. नवी बॅटरी बसली तरी द्वारकाबाईंच्या मनात धास्ती शिरली होती. त्यांनी बन्सीभाऊंस मसलतीस बोलाविले. बन्सीभाऊंनी ओट्यावर मांडी घालून तीन शत्रू सांगितले: एक उंदीर, जो वायर कुरतडून करंट जमिनीत सोडतो, दुसरा मोटारीतला गाण्याचा डबा, जो बंद दिसतो पण आतून जागा असतो, आणि तिसरा गुरुवारची बाधा, जिच्यावर बॉनेटास लिंबू-मिरची. द्वारकाबाईंनी तिघांवर एकदम चाल केली. बॉनेटाखाली तंबाखूची पाने पसरिली, तेणेकरून उंदीर एकही मेला नाही, पण उस्तादांस पुढे खोकला जाहला. गाण्याचा डबा वायरी तोडून काढिला आणि कपाटात साड्यांखाली नजरकैदेत ठेविला. लिंबू-मिरची बांधिली, ती शेळीने खाल्ली. बाई रोज सायंकाळी मोटारीभोवती एक फेरी घालीत आणि टायरांकडे संशयाने पाहत, जणू त्यांतूनच वीज गळत होती. आणि रोज सकाळी दहास, त्याच हातांनी, मागले दार पहिल्या खटक्यावर टेकवीत.

तिसरा गुरुवार उजाडला तो पहाटे पाच वाजता. द्वारकाबाईंस झोप कोठली? त्या खिडकीशी आल्या, आणि पाहतात तो काय, मोटारीचे बॉनेट उघडे, काकासाहेब बनियनवर उभे, एका हाती पक्कड, शेजारी किटली, आणि आत काही खटपट चालली आहे. बाई पडद्याआड सरल्या. त्यांच्या काळजात एकदम लख्ख पडले. बॅटरी गुरुवारीच का मरते? उंदरास वार कळतो काय? गुरुवार ज्यास कळतो, ज्याने गेल्या वर्षापासून 'एवढ्या घाटात एकटीने जाणं बरं नव्हे' हे वाक्य मोजून तीस वेळा म्हटले, जो एकदाही शेजारी बसून वेरुळास आला नाही, तोच हा शत्रू. घराचा भेद घरातच होता.

आठ वाजता चावी फिरविली. 'टक्' सुद्धा झाले नाही.

बाई मोटारीतून उतरल्या, काकासाहेब दारात उभे होते त्यांच्यापुढे गेल्या, आणि गल्ली ऐकत असता बोलल्या,

"तुम्हाला मी जायलाच नको आहे. सरळ सांगायचं होतं. गाडीला कशाला मारता?"

काकासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग आत जाऊन वर्तमानपत्र उघडून बसले. ते उलटे धरिले होते हे बाईंनी पाहिले आणि त्याचाही अर्थ आपल्या मर्जीप्रमाणे लाविला. त्या दिवशी घरात उपास एकाचा होता, पण जेवले कोणीच नाही.

सायंकाळी काकासाहेबांचे फर्मान निघाले, आणि ते निवृत्तीनंतरचे सर्वांत लांब होते. मजकूर ऐसा की, ज्या मोटारीच्या मरणाचे कारण ठाऊक नाही ती मोटार घाटात नेऊ नये. उन्हात, चढावर, एकटी बाई अडकली तर कोण धावेल. तरी लतीफ उस्तादांनी एकदा शेवटचा शोध घ्यावा, आणि कारण सापडले नाही तर पैठणचा पुतण्या बद्रीनाथ मागतो आहे त्यास अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर मोटार देऊन टाकावी. अक्षय्यतृतीया पुढल्या शुक्रवारी होती. बाईंनी हे ऐकिले आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकामे पातेले पंधरा मिनिटे घासिले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी उस्ताद सर्व हत्यारांनिशी आले. येण्याआधी फोन करून आले, म्हणोन द्वारकाबाईंनी नेहमीपेक्षा तासभर आधीच कुरडया उचलिल्या, बाक पुसिले, खाली सांडलेला चुरा वेचिला आणि चारी दारे धाडधाड लाविली. म्हणजे काय केले, तर चोर धरण्यास कोतवाल बोलाविला आणि कोतवाल येण्याआधी चोरास मागील दाराने घरी पोहोचवून वर अंगण झाडून ठेविले. उस्तादांनी बॅटरी पुन्हा भरिली, तिची एक वायर सोडवून मध्ये मीटर जोडिला, म्हणजे मोटार निजली असता कोण चोरून वीज पितो ते आकड्यांत दिसावे. आकडा दिसला तो घड्याळ चालण्यापुरता. मग त्यांनी एक एक फ्यूज काढून स्टीलच्या ताटात मांडिला. लाल, निळे, पिवळे. हळदीकुंकवाच्या ताटासारखे ते ताट बाई हाती धरून उभ्या होत्या. आकडा हलला नाही. उस्तादांनी कमर धरून उठत सांगितले की, गाडी बेकसूर आहे, हिच्यावर इल्जाम येत नाही. मग दाढी खाजवून त्यांनी बाईंस पुसिले,

"भाबी, दिन में इस गाडी कू कौन हाथ लगाता?"

"कुणी नाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

हे खोटे त्यांनी खोटे म्हणून सांगितले नाही, हे बखरीत नमूद असावे. वाळवण घालणे म्हणजे गाडीस हात लावणे हे त्यांच्या हिशेबी बसतच नव्हते. ते बाईचे काम, गाडीचे नव्हे. परंतु हात मागे बांधिले, कारण त्यांस हिंगाचा वास येत होता. काकासाहेब खुर्चीवर बसून हे सर्व पाहत होते. त्यांनी खाली मान घातली. उस्तादांनी सरंजाम आवरिला, मजुरी घेण्यास नकार दिला आणि म्हणाले की, तीस बरस में पैली बार, अपन हार गए. ते स्कूटर ढकलीत कोपऱ्यापर्यंत चालतच गेले.

आता बुधवार. चैत्री अमावास्या. उद्याचा गुरुवार शेवटचा, यंदा द्वितीयेचा क्षय म्हणोन परवाच तृतीया, बद्रीनाथ येऊन चावी नेणार. द्वारकाबाईंनी सकाळी आवडाबाईंस फोन केला, पण मोटार जाणार हे सांगवेना. फोनवर आवडाबाईंनी एवढेच पुसिले की, डोकं लई खाजतं गं, सुनेला धुवू देऊ का? जी बाई दोन वर्षे सुनेस हात लावू देत नव्हती तिने हे पुसिले, यावरून तिने आशा सोडिली हे बाईंस कळले. दहा वाजता काकासाहेब वाचनालयास गेले, आणि द्वारकाबाईंनी शेवटल्या कुरडया मोटारीत मांडिल्या. डोळ्यांतून एक दोन थेंब मिठाचे पडले. कुरडयांत मीठ आधीच होते.

दुपारी साडेचारास वायव्येकडून अवकाळी उठली. हर्सूलकडून काळा लोट आला, सिमेंटाची धूळ घेऊन गल्लीत शिरला, पत्रे वाजू लागले, आणि पाहता पाहता दिवसाढवळ्या ऐसा अंधार पडला की रस्त्यावरचे दिवे भ्यायले आणि लागले. बाई पदर खोचून कुरडया वाचविण्यास धावल्या. मोटारीजवळ पोहोचल्या आणि तेथेच उभ्या राहिल्या.

मोटारीच्या छतात, मधोमध, मोगऱ्याच्या कळीएवढा पिवळा दिवा लागलेला होता. त्याखाली पांढऱ्या धोतरावर कुरडयांच्या रांगा ऐशा उजळल्या होत्या, जणू कोणा राजाचा दरबार भरला आहे.

बाईंनी दार पुरते लाविले. दिवा विझला. पुन्हा पहिल्या खटक्यावर आणिले. दिवा लागला. लाविले, विझला. आणिले, लागला. ऐसे सात वेळा केले. वारा पदर ओढीत होता, गारेचा एक खडा डोक्यात बसला, तरी त्या हलल्या नाहीत. दार टेकविले की दिवा लागतो, आणि चैत्राच्या उन्हात तो दिवा दिसणार कोणास? सूर्यापुढे ती कळी जळत होती, रोज आठ तास, शुक्रवारपासून बुधवारपर्यंत सहा दिवस, आणि थेंब थेंब करीत बॅटरी रिकामी करीत होती ती बरोबर गुरुवारपर्यंत. उंदीर नव्हता, डबा नव्हता, बाधा नव्हती. शत्रूचा तळ ज्या ठिकाणी पडला होता, तेथे रोज सकाळी दहास त्यांनी स्वहस्ते सतरंजी अंथरिली होती.

मग बाई मागल्या बाकावर, कुरडया सरकवून, टेकल्या आणि मनाशी मसलत केली. पहिली मसलत ऐशी की, दार लावावे, गप्प बसावे. पुढे मोटार मरणार नाही, उस्तादांनीच काही केले असेल म्हणोन यश त्यांस जाईल, आणि कोणी काही जाणणार नाही. ही मसलत फार सोयीची होती. परंतु काकासाहेबांचे फर्मान होते की कारण पाहिजे, आणि कारण न सांगितले तर परवा बद्रीनाथ चावी नेईल. आणि सोयीच्या मसलतीत ते उलटे धरलेले वर्तमानपत्र कोठेच बसत नव्हते. त्या माणसावर गल्लीदेखत आळ घेतला होता. तो तेथे कोणीच न पाहता कसा पुसावा?

त्या उतरल्या आणि दारातून हाक मारिली. काकासाहेब बनियनवर, फोन कानाशी धरून बाहेर आले. फोनवर बद्रीनाथ होता, परवा किती वाजता यावे हे पुसत होता. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांस मोटारीशी नेले, दार उघडिले, दिवा दाखविला, कुरडया दाखविल्या, खटका दाखविला, आणि म्हणाल्या,

"बॅटरी मी उतरवली. रोज, सहा दिवस. आणि नाव तुमचं घेतलं."

काकासाहेबांनी चष्मा पुसून दिव्याकडे पाहिले, दार दोन वेळा लावून पाहिले, पाणी मोजण्याच्या काळातील गंभीर मुद्रेने 'हूं' केले, आणि मग खाली वाकून एक अर्धी वाळलेली कुरडई उचलून तोंडात टाकिली.

"कुरड्या मला पाडव्यापासून ठाऊक आहेत," ते म्हणाले. "सीटच्या पट्ट्याच्या खाचेत रोज एक तुकडा सापडतो. मी खातो. दार उघडं राहतं हे नव्हतं ठाऊक."

"मग बोलला का नाही?"

"तुझी गाडी. तुझं वाळवण. मी काय बोलायचं?"

कागद तर काकासाहेबांच्या नावचे होते. बाईंनी मग, पहाटे किटली आणि पक्कड घेऊन काय चालले होते, हे पुसिले, आणि उत्तर आले की, बॅटरीच्या टोकांवर पांढरे साचते ते गरम पाणी नि सोड्याने धुवावे म्हणजे गाडी नीट उठते, ऐसे लतीफने सांगितले होते. गुरुवार होता म्हणून धूत होतो. मग शेजारी बसून वेरुळास कधी का येत नाही, हे बाईंनी पुसिले नाही, पण काकासाहेबांनी आपण होऊन सांगितले की, दौलताबादच्या वेशीत शिरताना धास्तीने डोळे मिटले जातात, आणि ते तुझ्या नजरेस पडले असते.

इतक्यात फोनमधून बद्रीनाथाचा आवाज येत होता, कारण फोन बंद करण्याचे कोणास सुचले नव्हते. तो 'काका, काका' म्हणोन ओरडत होता. काकासाहेबांनी फोन कानास लाविला.

"बद्री," ते म्हणाले, "गाडी रिकामी नाही. तिच्यात वाळवण आहे."

आणि फोन ठेविला.

त्यानंतर गारा पडल्या, थोड्या पडल्या, आणि दोघांनी मिळून कुरडया घरात वाहिल्या. पाऊस थांबल्यावर लतीफ उस्तादांस बोलाविले. त्यांनी सर्व कैफियत ऐकिली, छतातील दिव्याजवळची बोटाच्या पेराएवढी खिट्टी एका नखाने सरकविली, दार उघडे असता दिवा विझला, आणि मोहीम तेथे संपली. तीन गुरुवार, एक नवी बॅटरी, तंबाखूची पावशेर पाने, एक गाण्याचा डबा, सर्व त्या नखाच्या एका हालचालीपुढे. उस्ताद ओट्यावर बसून पोट धरून हसले, मग डोळे पुसून म्हणाले,

"भाबी, हमकू चोर पकडने बुलाते, और हमारे आने के पैले चोर कू घर भेज देते थे तुम. हौ, अब हम हारे नै."

त्यांनी बॅटरी पुन्हा भरून दिली, आणि त्यांस चहा व तळलेल्या कुरडया दिल्या. बन्सीभाऊंस हे कळले तेव्हा त्यांनी, आपला संशय पहिल्या दिवसापासून दिव्यावरच होता, म्हणोन जाहीर केले, आणि त्यांस कोणी हटकले नाही.

त्या रात्री तह झाला तो ऐसा की, मोटारीत वाळवण घालण्यास सरकारातून रीतसर मुभा असावी. मिरच्या सर्वथा वर्ज्य. खिट्टी बंद असल्याची खात्री रोज दहास काकासाहेबांनी करून मग वाचनालयास जावे. गाण्याचा डबा नजरकैदेतून मुक्त करावा. आणि द्वारकाबाईंनी जो आळ गल्लीदेखत घेतला तो गल्लीदेखतच मागे घ्यावा. हे शेवटचे कलम काकासाहेबांनी मागितले नव्हते, बाईंनीच घातले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठास, बन्सीभाऊ दात घासत असता आणि आपण सर्व बाया दारांत उभ्या असता, त्यांनी ते पाळिले. शब्द पुरते उच्चारिले. काकासाहेब तेव्हा मोटारीची पुढली काच पुसत होते. ती आधीच पुसलेली होती.

मग वैशाख शुद्ध प्रतिपदा, गुरुवार. चांदणी पहिल्याच चावीस उठली. काकासाहेब उपाशी पोटी डावीकडे बसले, वेशीत डोळे मिटिले आणि मिटिले हे कबूल केले. दहाच्या आत स्वारी वेरुळास दाखल झाली. अंगणात पाट मांडिला, पाणी तापविले, शिकेकाई कालविली, आणि द्वारकाबाई बहिणीच्या केसांवर पाणी घालता घालता सर्व हकीकत सांगत्या जाहल्या, कुरडया, खटका, उंदीर, मीटर, काही न गाळता. आवडाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. फेस कपाळावरून उतरत होता. शेवटी अर्ध्या तोंडाने हसून त्या म्हणाल्या,

"म्हंजी तीन गुरुवार माझं डोकं खाजलं, ते तुह्या कुरड्यांपायी व्हय?"

"व्हय गं बाई," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मंग आणल्यास का त्या?"

आणल्या होत्या. डबाभर.

येणेप्रमाणे गुरुवारची मोहीम तीन शिकस्ती खाऊन चौथ्या खेपेस फत्ते झाली. मोटार कायम, बॅटरी कायम, शत्रू द्वारकाबाई नामे पुरता धरला गेला आणि त्यास माफी देण्यात आली. त्याच दिवशी दोन प्रहरी, वेरुळाच्या अंगणी, आवडाबाईंचे केस धुऊन, पुसून, खोबरेल घालून, मोकळे सोडून उन्हात वाळत ठेविले, आणि द्वारकाबाई व काकासाहेब दोघेही शेजारी बसून पारवे हाकीत राहिले. मजकूर खरा म्हणोन लिहिला असे.